पोर्टेबल स्पीकर आणि डिजिटल मिक्सर: पहिल्यांदाच जोडणाऱ्यांसाठी

दोन स्पीकर, दोन स्टँड, एक छोटा डिजिटल मिक्सर, चार-पाच माईक आणि केबलींनी भरलेली एक पिशवी. एवढ्या सामानावर शे-दीडशे माणसांपुढचं भाषण, गाणं, चर्चासत्र आरामात निभावतं. तरीही नवख्या माणसाला घाम फुटतो, कारण सगळं जोडून झाल्यावर आवाज येत नाही, किंवा येतो तो फाटका येतो, किंवा माईक हातात घेतल्याबरोबर स्पीकर शिट्टी मारायला लागतो. मग दहा बटणं एकदम फिरवली जातात आणि गोंधळात भर पडते.

यावर उपाय एकच आहे आणि तो शेवटपर्यंत पुरतो. सिग्नल कुठपर्यंत पोहोचलाय, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारायचं. माईक, केबल, मिक्सरची सॉकेट, गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते), चॅनेल (त्या माईकची मिक्सरमधली वाट), फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी), मेन आउटपुट, परत केबल, स्पीकर. आवाजाची वाट नेहमी हीच असते. जोडणी याच क्रमाने केली तर बिघाडही याच क्रमाने सापडतो.

आधी स्पीकर ओळखा

स्पीकरच्या पाठीमागे पाहा. मेन्सची वायर लावायची सॉकेट, व्हॉल्यूमचा नॉब आणि एक-दोन दिवे दिसले, तर तो ॲक्टिव्ह स्पीकर, म्हणजे ॲम्प्लिफायर त्याच्या पोटातच आहे. यातलं काहीच नसेल आणि नुसती स्पीकॉनची (स्पीकरच्या केबलसाठीची) गोल सॉकेट असेल, तर तो पॅसिव्ह. त्याला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. मिक्सरचं आउटपुट थेट पॅसिव्ह स्पीकरला लावलं तर काहीही ऐकू येणार नाही, कारण मिक्सर फक्त लाइन लेव्हलचा सिग्नल देतो, स्पीकर हलवण्याची ताकद नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ॲक्टिव्हच घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आतला ॲम्प्लिफायर, क्रॉसओव्हर (उंच आणि खालचे स्वर वेगळे करणारा) आणि लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) त्याच स्पीकरसाठी जुळवलेले असतात, त्यामुळे उत्साहाच्या भरात स्पीकर जळण्याचा धोका बराच कमी होतो.

खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या वॉटकडे फार लक्ष देऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा पीकचा असतो, म्हणजे क्षणभर झेपणारा. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यापेक्षा माहितीपत्रकातला कमाल एसपीएल (स्पीकर जास्तीत जास्त किती मोठा वाजेल, ते डेसिबलमध्ये) आणि हॉर्नचा (उंच स्वर बाहेर सोडणाऱ्या भोंग्याचा) कोन बघा. आडवा ९० अंश आणि उभा ६० अंश हा नेहमी आढळणारा कोन आहे. आवाज कुठे जाणार आणि कुठे नाही, हे त्यावरूनच कळतं.

केबली

एक्सएलआर, म्हणजे साउंडवाले जिला सरसकट कॅनन म्हणतात ती तीन पिनांची केबल, हा सगळ्या जोडणीचा कणा. पिन १ ग्राउंड, पिन २ वर मूळ सिग्नल, पिन ३ वर तोच सिग्नल उलटा करून. वाटेत जो काही गोंगाट केबलमध्ये शिरतो तो दोन्ही तारांमध्ये सारखाच शिरतो. पुढचं उपकरण पिन २ आणि ३ मधला फरक घेतं, त्यामुळे सारखा असलेला गोंगाट आपोआप वजा होतो आणि सिग्नल शिल्लक राहतो. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. ३०-४० मीटरची माईक केबल बिनधास्त टाकता येते ती यामुळेच. आणखी एक सोय म्हणजे सिग्नल नेहमी पिना असलेल्या टोकातून बाहेर पडतो आणि भोकं असलेल्या सॉकेटमध्ये शिरतो, म्हणून ही केबल उलटी लागूच शकत नाही.

६.३५ मिलिमीटरच्या जॅकचं तसं नाही. त्यावर एक काळी रिंग असेल तर तो टीएस, म्हणजे अनबॅलन्स्ड. दोन रिंगा असतील तर टीआरएस, जो बॅलन्स्ड मोनो किंवा अनबॅलन्स्ड स्टिरिओ दोन्हींसाठी वापरतात. टीएस केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब टाकू नका, टाकलीत तर गुणगुण ऐकायची तयारी ठेवा. काही जुन्या पॅसिव्ह स्पीकरनाही हाच जॅक लागतो, पण स्पीकरची केबल आतून जाड तांब्याची असते आणि गिटारची केबल बारीक, जाळी गुंडाळलेली. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. ॲम्प्लिफायर आणि स्पीकरच्या मध्ये गिटारची केबल लावली तर ती तापते आणि ॲम्प्लिफायरलाही धोका होऊ शकतो. दोन्ही केबलींना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून टाका, विषय संपला.

जागा ठरवा, मगच वायरी पसरा

स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला. हा नियम मोडला की पुढची सगळी हुशारी वाया जाते. माईकला स्पीकरचं तोंड दिसता कामा नये.

उंचीकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. उंच पट्ट्यांचा आवाज, ज्यामुळे शब्द स्पष्ट कळतात, तो हॉर्नमधून सरळ रेषेत निघतो आणि पुढे बसलेली माणसं तो अडवतात. म्हणून हॉर्न बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, जमिनीपासून निदान दोन मीटरवर हवा. दुसरं कारण हिशेबाचं आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून २ मीटरवर बसलेला आणि १६ मीटरवर बसलेला यांच्यात तीन दुपटी, म्हणजे १८ डेसिबलचा फरक पडतो. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की पहिली रांग कानांवर हात ठेवते. स्पीकर वर चढवला आणि शेवटच्या दोन-तीन रांगांकडे किंचित कलता ठेवला, की पुढचे लोक हॉर्नच्या थेट झोताबाहेर राहतात आणि मागच्यांना आवाज पोहोचतो. भिंतींकडे, काचांकडे आणि छताकडे झोत जाईल तितका आवाज घुमणार. स्पीकर कोपऱ्यात खेटून ठेवला तर बास फुगतो, जो भाषणाला अजिबात नको असतो.

स्टँडचे पाय पूर्ण फाकवा. नळी वर केल्यावर भोकात लोखंडी पिन घालायला विसरू नका, नुसत्या आवळलेल्या स्क्रूवर पंधरा-वीस किलोचं धूड सोडून जाऊ नये. जमीन उताराची असेल किंवा वारा असेल तर पायांवर वाळूची पिशवी ठेवा. स्पीकरपासून खाली येणारी वायर नळीला बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी ओढ वरपर्यंत जाणार नाही. स्पीकर चढवताना दोघं असा. एकट्याने चढवता येतो, हे मान्य, पण तो पडतो तेव्हा एकटा पडत नाही.

वीज

अर्थिंग असलेला थ्री-पिन बोर्डच वापरा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. माईकची धातूची जाळी ओठांना लागलेली असते आणि त्या जाळीत करंट उतरला तर जीव जाऊ शकतो. गुणगुण घालवायचे सुरक्षित मार्ग आहेत, ते पुढे येतील.

मिक्सर, स्पीकर आणि स्टेजवरचे कीबोर्ड वगैरे शक्यतो एकाच पॉइंटवरून चालवा. मेन्सच्या वायरी आणि माईकच्या केबली शेजारी-शेजारी लांबवर नेऊ नका, जिथे एकमेकींना ओलांडतील तिथे काटकोनात ओलांडू द्या. रीळवर गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर पूर्ण उलगडून घ्या, गुंडाळलेल्या अवस्थेत भार पडला तर ती तापते.

चालू करण्याचा क्रम पाठच करून टाका: आधी मिक्सर आणि बाकीची यंत्रं, सगळ्यात शेवटी स्पीकर. बंद करताना उलटं, आधी स्पीकर. स्पीकर चालू असताना मिक्सर चालू-बंद केला की ‘धप्प’ असा जो आवाज होतो, तो ट्विटरला, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला, महागात पडतो.

जोडणी

मिक्सर चालू करा, मेन फेडर खाली, सगळे चॅनेल म्यूट, फँटम पॉवर (ती काय ते पुढे येतंय) बंद. पहिला माईक पहिल्या इनपुटला, दुसरा दुसऱ्याला. मिक्सरवर कागदी चिकटपट्टी लावून नावं लिहा: ‘सूत्रसंचालक’, ‘गायक’, ‘तबला’, ‘लॅपटॉप’. स्क्रीनवरही चॅनेलला नाव आणि रंग देता येतो. कार्यक्रम ऐन रंगात असताना ‘पाच नंबर कुणाचा?’ असं विचारायला वेळ नसतो.

मेनचं डावं आउटपुट डाव्या स्पीकरला, उजवं उजव्याला. आता स्पीकरच्या मागचं एक छोटं बटण शोधा, ज्यावर ‘माईक’ आणि ‘लाइन’ लिहिलेलं असतं. ते ‘लाइन’वर हवं. मिक्सरचा सिग्नल माईकच्या सिग्नलपेक्षा शेकडो पटींनी मोठा असतो, आणि बटण ‘माईक’वर राहिलं तर स्पीकर पहिल्या शब्दापासून फाटतो. मिक्सरमध्ये सगळं हिरवं दिसतंय आणि आवाज मात्र चिरका येतोय, असं असेल तर आधी याच बटणाकडे जा. स्पीकरचा व्हॉल्यूम मध्यावर ठेवा. बऱ्याच स्पीकरवर तिथे ० डेसिबलची खूण असते.

मिक्सरपासून एकच केबल पोहोचत असेल तर पहिल्या स्पीकरच्या ‘लिंक’ किंवा ‘थ्रू’ सॉकेटमधून दुसऱ्याला जोडता येतं. तेव्हा आवाज मोनो होतो आणि भाषणाला तेच बरं. खरं तर भाषणाला स्टिरिओ मुळीच नको, डावीकडे बसलेल्याला डाव्याच बाजूचं ऐकू येऊन काय उपयोग? सगळ्या माईकांचा पॅन (आवाज डावी-उजवीकडे वळवणारा नॉब) मध्यावर ठेवून द्या. काही स्पीकरवर ‘मिक्स आउट’ असं लिहिलेलं असतं, तिथून त्या स्पीकरच्या सगळ्या इनपुटांची बेरीज बाहेर पडते. तेव्हा सॉकेटवरचं नाव वाचून जोडा.

फँटम पॉवर म्हणजे केबलमधूनच माईकला पाठवलेले ४८ व्होल्ट. कंडेन्सर माईकला आणि ॲक्टिव्ह डीआय बॉक्सला (वाद्याचा किंवा लॅपटॉपचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणाऱ्या डबीला) ते लागतात. हातात धरायच्या नेहमीच्या डायनॅमिक माईकला लागत नाहीत, पण चुकून मिळाले तरी धड केबलवर त्याचं काही बिघडत नाही. जुने रिबन माईक आणि लॅपटॉपसारखी यंत्रं मात्र त्यापासून दूर ठेवा. फँटम चालू किंवा बंद करताना चॅनेल म्यूट हवा, एरवी स्पीकरमधून गोळीबार ऐकू येईल.

लॅपटॉपच्या जोडणीत एक असा घोळ आहे, की जाणती माणसंही त्यात चक्रावतात. बाजारात ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ पिनपासून एकाच एक्सएलआरपर्यंत जाणारी तयार केबल मिळते. ती लावली की गाण्यातला ठेका, वाद्यांचे बारीक स्वर, एको, सगळं ऐकू येतं, पण गायक गायब! कारण सोपं आहे. या केबलीत डावा चॅनेल पिन २ वर जातो आणि उजवा पिन ३ वर. मिक्सर दोघांचा फरक काढतो. गायकाचा आवाज दोन्ही चॅनेलमध्ये सारखा असतो, म्हणून तो गोंगाटासारखाच वजा होऊन जातो. यावर योग्य उपाय म्हणजे ३.५ मिलिमीटरपासून दोन वेगळ्या टीएस जॅकची केबल आणि मिक्सरचे दोन चॅनेल, किंवा स्टिरिओ डीआय बॉक्स. मिक्सरला यूएसबी ऑडिओ असेल तर तो सगळ्यात स्वच्छ मार्ग. ब्लूटूथवर नुसतं गाणं वाजवायला हरकत नाही, पण पडद्यावर व्हिडिओ असेल तर ओठ आधी हलतील आणि शब्द मागून येतील.

डिजिटल मिक्सरच्या खोड्या

जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये पहिल्या सॉकेटचा आवाज पहिल्याच पट्टीत येणार हे ठरलेलं असे. डिजिटलमध्ये सॉकेट आणि चॅनेल यांचं नातं सॉफ्टवेअर ठरवतं. आधीच्या माणसाने सातवी सॉकेट पहिल्या चॅनेलवर आणून ठेवली असेल, तर तुम्ही पहिल्या सॉकेटकडे कितीही टक लावून पाहा, मीटर हलणार नाही. म्हणून दुसऱ्याने वापरलेला मिक्सर हातात आला की पहिलं काम: कोऱ्या सीनवर (सीन म्हणजे मिक्सरच्या सगळ्या सेटिंगची साठवलेली प्रत) रीसेट करा. त्याआधी त्याचा सीन सेव्ह करून ठेवण्याचा सभ्यपणा दाखवा.

दुसरी खोडी लेयरची. तेच फेडर कधी चॅनेल १ ते ८ असतात, कधी ९ ते १६, कधी बस (अनेक चॅनेलचा आवाज एकत्र नेणारी वाट). तिसरी त्याहून फसवी: ‘सेंड्स ऑन फेडर’ चालू असलं की फेडर मेनचा आवाज बदलत नाहीत, मॉनिटरला (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरला) किती जातंय ते बदलतात. तुम्ही गायकाचा आवाज वर करत राहता, श्रोत्यांना फरक पडत नाही आणि स्टेजवर मात्र मॉनिटर शिट्टी वाजवतो. फेडरला हात लावण्याआधी आपण कुठल्या पानावर आहोत, ते स्क्रीनवर बघायची सवय लावा.

चौथी खोडी आरजे४५ सॉकेटची, म्हणजे इंटरनेटच्या केबलला असते तीच. बेहरिंगर एक्स३२ सारख्या मिक्सरच्या मागे अशा अनेक सॉकेट ओळीने असतात: एईएस५० च्या दोन, अल्ट्रानेटची (वादकांच्या वैयक्तिक मॉनिटर मिक्सरसाठी) एक आणि रिमोट कंट्रोलसाठी इथरनेटची एक. दिसायला सगळ्या जुळ्या. राउटर फक्त इथरनेटला जोडायचा. स्टेज बॉक्स (स्टेजवरच माईक जोडायचा सॉकेटांचा डबा) एईएस५० ला, तोही शील्ड असलेल्या कॅट५ई केबलने आणि मध्ये कुठलाही नेटवर्क स्विच न घालता. स्टेज बॉक्स आणि मिक्सर दोघांचा सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) एकच ठेवा, साधारणतः ४८ किलोहर्ट्झ, आणि क्लॉक (ज्याच्या तालावर दोघं चालतात ते घड्याळ) कुणाचं हे एकदाच ठरवा. क्लॉक जुळलं नाही की मधूनमधून ‘टिक टिक’ ऐकू येते, आणि माणूस केबली बदलत बसतो.

मग वाय-फाय. एक्सआर१८ सारख्या फेडर नसलेल्या मिक्सरचा सगळा कारभार टॅबलेटवर चालतो. त्याचं अंगचं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर आहे. रिकाम्या सभागृहात ते मस्त चालतं, आणि दोनशे फोन आत आले की धापा टाकतं. वेगळा ५ गिगाहर्ट्झचा राउटर इथरनेट केबलने जोडा आणि तो माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवा. मूळ पासवर्ड बदला, श्रोत्यांमध्ये तेच ॲप असलेला एखादा तरी निघतोच. टॅबलेटवर मोबाइल डेटा बंद ठेवा आणि ओळखीच्या इतर वाय-फायवर आपोआप जोडलं जाणंही बंद करा. या राउटरवर इंटरनेट नाही असं दिसलं की टॅबलेट परस्पर दुसरं नेटवर्क पकडू शकतो. इतकं करूनही जोडणी तुटली तर घाबरू नका, मिक्सर आहे त्या सेटिंगवर चालूच राहतो, फक्त तुमचा हात तात्पुरता सुटलेला असतो. एक लॅपटॉप केबलने जोडून बाजूला ठेवला की तीही काळजी मिटते.

गेन: इथे घाई नको

जोडणी झाली. आता चॅनेलचा गेन. बोलणाऱ्याला माईक देऊन सांगा, ‘कार्यक्रमात बोलाल त्याच आवाजात बोला.’ ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ हे सगळे दबक्या आवाजात म्हणतात आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात दुप्पट जोराने बोलतात, हे गृहीत धरून थोडी जागा राखा. चॅनेलच्या मीटरवर सरासरी -१८ च्या आसपास आणि जोरकस शब्दाला -१० ते -६ पर्यंत गेला तर उत्तम. डिजिटलमध्ये ० हे छत आहे. ॲनालॉग मिक्सर तिथे थोडा गोड फाटायचा, इथे लाट सरळ कापली जाते आणि ऐकवत नाही.

गेन लागला की फेडर ० च्या खुणेजवळ आणा आणि मेन फेडरही तिथेच. यामागे कारण आहे. फेडरची पट्टी सरळ मोजमापाची नसते. ० च्या आसपास एक सेंटिमीटर सरकवलं तर पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो, तळाशी तेवढंच सरकवलं तर वीस-तीस डेसिबलचा. गेन जास्त ठेवून फेडर तळाशी ठेवलात, तर नंतर बारीक बदल करणं अशक्य होऊन बसतं. सगळं ० च्या जवळ ठेवूनही सभागृहात आवाज मोठा वाटत असेल तर स्पीकरच्या मागचा नॉब कमी करा. तो नॉब त्यासाठीच आहे.

आवाज फाटला तर कुठला लाल दिवा लागतो ते पाहा. चॅनेलवरचा लागला तर गेन कमी करा, मेनवरचा लागला तर मेन फेडर. मिक्सरमध्ये कुठेच लाल नाही आणि स्पीकरवरचा ‘लिमिट’चा दिवा सतत पेटलेला आहे, तर स्पीकरची मर्यादा आलीय. मग आवाज कमी करा किंवा आणखी स्पीकर आणा. अधूनमधून लुकलुकला तर चालतं.

आता बोलण्याच्या प्रत्येक माईकवर हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचे स्वर गाळणारा) लावा: ८० ते १०० हर्ट्झ, बायकांच्या आणि मुलांच्या आवाजाला १२० पर्यंत. स्टेजवरची पावलं, हाताची घासघास, पंख्याची घरघर यात निघून जाते. माईक ओठांना लावून बोललं की आवाज घोगरा, भरलेला होतो. तो २०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान ३-४ डेसिबल कमी केला की मोकळा होतो. इक्वलायझरमध्ये आधी काहीतरी कमी करून पाहा, वाढवायची पाळी क्वचितच येते. कंप्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारा) ३:१ वर, जोरात बोलल्यावर ४ ते ६ डेसिबल दाबेल इतपत. जास्त दाबून नंतर आवाज वर ओढलात तर शिट्टीला आमंत्रण. रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) गाण्याला ठीक, पण निवेदक बोलायला लागला की म्यूट. आकाशवाणी झाल्यासारखं निवेदन कुणालाही नको असतं.

मॉनिटरसाठी ऑक्स (मेनहून वेगळी वाट) किंवा बसचं आउटपुट वापरा आणि सेंड (चॅनेलमधून तिकडे जाणारा आवाज) प्री-फेडर (फेडरच्या आधीचा) ठेवा, म्हणजे श्रोत्यांसाठी फेडर हलवला तरी गायकाला ऐकू येणारा आवाज हलत नाही. रिव्हर्बचे सेंड मात्र पोस्ट-फेडर (फेडरनंतरचे) हवेत.

शिट्टी

स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा शिरतो. एखाद्या पट्टीला हे चक्र पुरेसं जोरात झालं की तीच पट्टी शिट्टी बनून बाहेर पडते. मिक्सरमध्ये हात घालण्याआधी माईक तोंडाजवळ आणा. तोंडापासून माईकचं अंतर निम्मं केलं की फुकटात साधारण ६ डेसिबल मिळतात. दुसरं, न वापरलेले माईक म्यूट करा. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधीची सवलत ३ डेसिबलने घटते, म्हणजे एकाऐवजी चार माईक उघडे म्हणजे ६ डेसिबल गेले. माईकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकाला गोड शब्दांत समजवा. जाळी झाकली की माईकचा दिशाभेद संपतो आणि तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो.

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माईकवर अवलंबून. कार्डिऑइड माईक बरोबर पाठीमागे, १८० अंशांवर, बहिरा असतो, म्हणून मॉनिटर गायकाच्या थेट समोर. सुपरकार्डिऑइड मात्र पाठीमागचं थोडं ऐकतो, त्याची बहिरी जागा साधारण १२६ अंशांवर, म्हणजे मागे पण बाजूला असते. त्याच्यासाठी मॉनिटर थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकवा. माईकच्या खोक्यातल्या कागदावर ही आकृती छापलेली असते, ती फेकून देऊ नका.

सभागृह रिकामं असतानाच पुढचं काम उरका. माईक जागेवर ठेवून मेन हळूहळू वर न्या. पहिली बारीक ‘ऊंऽऽ’ सुरू झाली की थांबा. डिजिटल मिक्सरच्या आरटीएवर (कुठली पट्टी किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या आलेखावर) त्याच जागी एक सुळका दिसेल. आउटपुटच्या इक्वलायझरमध्ये तेवढीच पट्टी अरुंद ठेवून ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. पुन्हा वर न्या, दुसरी सापडेल. तीन-चार पट्ट्यांवर थांबा, त्यापुढे कापत गेलात तर आवाजच पोकळ होतो. मग मेन ६ डेसिबल खाली आणून ठेवा, कार्यक्रमासाठी ती राखीव जागा.

मागे आणखी स्पीकर लावायचे असतील तर

लांबट जागेत मागच्यांसाठी दुसरी जोडी लावतात, आणि तिथे शब्द दोनदा ऐकू येतात. आवाज हवेत २० अंश सेल्सियसला सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे मीटरमागे सुमारे २.९ मिलिसेकंद. पुढचे आणि मागचे स्पीकर २० मीटर अंतरावर असतील तर मागच्यांच्या आउटपुटवर ५८ मिलिसेकंदांचा डिले (मुद्दाम दिलेला उशीर) लावा, त्यात आणखी १० मिसळा. मग कानाला आवाज पुढून, स्टेजवरूनच येतोय असं वाटतं. आउटपुटवर डिले देणारा मिक्सर हवा, एवढंच.

आवाज येत नाही तेव्हा

चॅनेलचा मीटर हलतोय का? नाही. मग दोष मीटरच्या अलीकडे आहे: माईकचं बटण बंद, वायरलेसची बॅटरी उतरलेली, केबल तुटकी, फँटम नाही, किंवा पॅचिंग (कुठली सॉकेट कुठल्या चॅनेलला, ते) चुकलंय. चालणारा माईक त्याच केबलला लावा, तरीही नाही तर केबल बदला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर काय सुधारलं तेच कळत नाही.

चॅनेलचा मीटर हलतोय पण मेनचा नाही? म्यूट, फेडर, मेनला पाठवण्याचं बटण, किंवा तो चॅनेल ज्यात आहे तो म्यूट ग्रुप (एकाच बटणाने एकत्र म्यूट होणारे चॅनेल). मेनचाही हलतोय? मग मिक्सर सोडा आणि स्पीकरकडे चाला. तिथला सिग्नलचा दिवा लुकलुकत असेल तर नॉब शून्यावर आहे, नसेल तर केबल किंवा आउटपुटचं पॅचिंग.

गुणगुण येत असेल तर एकेक चॅनेल म्यूट करत जा. बहुतेक वेळा लॅपटॉपचा चॅनेल सापडतो. त्याचा चार्जर काढून पाहा, गुणगुण थांबली तर डीआय बॉक्स लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. हे बटण फक्त ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडतं, मेन्सचं अर्थिंग जागच्या जागी राहतं.

आवरताना

सीन सेव्ह करा आणि पेनड्राइव्हवर एक प्रत घ्या, त्याच जागी पुन्हा कार्यक्रम लागला तर निम्मं काम झालेलं असेल. मेन खाली, सगळं म्यूट, फँटम बंद, मग स्पीकर बंद, मग मिक्सर. ज्या मिक्सरला मेन्यूत शटडाउन आहे त्याचा प्लग तसाच ओढू नका. केबल कोपर आणि अंगठ्याभोवती आवळून गुंडाळली की आतली तार पिळली जाते. एक वेटोळं सरळ, एक उलटं, असं मोकळं गुंडाळा, पुढच्या वेळी फेकली की गाठ न पडता उलगडेल. आणि कार्यक्रमात दगा देणाऱ्या केबलीच्या दोन्ही टोकांना तिथल्या तिथे लाल चिकटपट्टी लावा, ती चांगल्या केबलींच्या पिशवीत परत टाकू नका.